कमोडोर ६४ वर मॉडेमचा वेग वाढवताना: वेगाचा आकडा सगळ्यात शेवटी बदला

"टर्मिनलमध्ये ९६०० लावलं आणि पडद्यावर नुसता कचरा यायला लागला. मॉडेम गेलं का?" हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की उत्तर आता तोंडपाठ आहे. मॉडेम गेलेलं नसतं, क्रम चुकलेला असतो. बहुतेक जण आधी वेगाचा आकडा बदलतात, मग प्रोग्रॅम बदलून बघतात, मग वायरिंगकडे वळतात, आणि वीजपुरवठ्याची आठवण सगळ्यात शेवटी येते. करायचं असतं नेमकं याच्या उलट.

पुढचं सगळं कमोडोर ६४ (१९८० च्या दशकातला घरगुती संगणक) धरून लिहिलं आहे. टर्मिनल म्हणजे मशीनवरून मॉडेमशी बोलणारा प्रोग्रॅम. मॉडेम म्हणजे युजर पोर्टला (मशीनच्या मागच्या जोडणीच्या जागेला) लागणारं वायफाय मॉडेम, आत ईएसपी८२६६ ही वायफाय चिप आणि तिच्यातला झायमोडेम नावाचा प्रोग्रॅम (फर्मवेअर). हल्ली बहुतेकांकडे हेच असतं. कोणाकडे खरं टेलिफोन मॉडेम असेल तर त्याच्यासाठीचा वेगळा इशारा टप्पा २ मध्ये आहे. आज्ञा मी देवनागरीत लिहितोय, मशीनवर त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. आणि बॉड व बिट-प्रति-सेकंद यांतला फरक माहीत असूनही मी दोन्ही एकाच अर्थाने वापरणार आहे, कारण प्रोग्रॅमच्या मेनूत तसंच लिहिलेलं असतं.

सुरुवातीआधी: वेग नेमका कुठे अडतो

एक अक्षर पाठवायला आठ बिट, एक स्टार्ट आणि एक स्टॉप असे दहा बिट लागतात. म्हणजे ३०० ला सेकंदाला ३० अक्षरं. ४० बाय २५ चा आख्खा पडदा भरायला ३३ सेकंद. १२०० ला सव्वाआठ, २४०० ला चार, ९६०० ला एक, आणि ३८४०० ला कागदोपत्री पाव सेकंद.

अडचण अशी की कमोडोर ६४ मध्ये सिरीयल संवादासाठी वेगळी चिपच नाही. प्रत्येक बिट कर्नल (मशीनच्या रॉममधला मूळ प्रोग्रॅम) स्वतः मोजून पाठवतो आणि स्वतः मोजून घेतो, सीआयए चिपच्या (पोर्ट सांभाळणाऱ्या चिपच्या) टायमरवर. पाल (युरोपियन टीव्ही-पद्धतीच्या) मशीनचं घड्याळ सेकंदाला ९,८५,२४८ ठोके देतं. २४०० ला एका बिटाच्या वाट्याला साधारण ४१० ठोके येतात, ९६०० ला जेमतेम १०२. त्यातच पडद्यावरच्या अक्षरांच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला व्हिक ही पडदा रंगवणारी चिप प्रोसेसरला बाजूला सारून ४० च्या वर ठोके खाऊन टाकते. १०२ मधून ४० गेले तर हिशोब काय राहणार?

म्हणून मॉडेम कितीही वेगाचं असलं तरी मर्यादा मशीनच्या आत आहे, आणि ती ओलांडायचे तीन मार्ग आहेत:

१. युजर पोर्ट, साधी वायरिंग. १२०० निर्धास्त, २४०० योग्य प्रोग्रॅम असेल तर.
२. युजर पोर्ट, यूपी९६०० वायरिंग. दोन जादा जोडण्या, वेग ९६००.
३. स्विफ्टलिंक प्रकारचं कार्ट्रिज, मागच्या एक्स्पान्शन पोर्टला. वेग ३८४००.

कुठला घ्यायचा ते आत्ता ठरवू नका. तिन्हींसाठी पहिले तीन टप्पे सारखेच आहेत.

टप्पा १: वीजपुरवठा मोजा

मल्टिमीटर घ्या. अॅडॅप्टरच्या सात पिनांच्या गोल प्लगवर पिन ५ म्हणजे +५ व्होल्ट, पिन २ म्हणजे ग्राउंड. ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये आकडा आला पाहिजे. वर गेला तर तो अॅडॅप्टर त्याच क्षणी बाजूला ठेवा, "थोडा वेळच लावतो" म्हणू नका. मूळ अॅडॅप्टरचा रेग्युलेटर राळेत बुडवलेला असतो, तो तापून तापून मरतो आणि मरताना व्होल्टेज वर जातं. त्यात मेमरी चिप उडतात.

इशारा: अमेरिकेतून कोणी नातेवाइकाने मशीन आणलं असेल तर त्याच्यासोबतचा अॅडॅप्टर ११७ व्होल्टचा आहे. आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये तो थेट घालायचा नाही. आपल्याकडचा नवा अॅडॅप्टर घ्या किंवा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा.

मशीन अमेरिकन की युरोपियन हे याच वेळी बघून ठेवा, पुढे लागणार आहे. मशीन चालू करून "प्रिंट पीक(६७८)" टाइप करा. ० आलं तर एनटीएससी (अमेरिकन), १ आलं तर पाल (युरोपियन). दोघांच्या घड्याळात साडेतीन टक्क्यांहून जास्त फरक आहे. ऐकायला किरकोळ वाटतो, पण अक्षराच्या दहाव्या बिटापर्यंत तो साचत साचत एक तृतीयांश बिटाच्या वर जातो. फक्त अमेरिकन मशीनसाठी लिहिलेला जुना टर्मिनल प्रोग्रॅम पाल मशीनवर १२०० ला बरा चालतो आणि वरच्या वेगाला दगा देतो, त्याचं हे एक नेहमीचं कारण.

आता मॉडेमची वीज. युजर पोर्टच्या पिन २ वरून ५ व्होल्ट मिळतात, पण कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे फक्त १०० मिलिअॅम्पिअर. ईएसपी८२६६ वायफायवर पाठवते तेव्हा क्षणभर का होईना, ३०० च्या वर ओढते. पुष्कळ मॉडेम तरीही पोर्टवरच चालतात. मात्र अधूनमधून मॉडेम आपोआप रिसेट होत असेल, किंवा डायल करताना पडदा किंचित थरथरत असेल, तर वेगाशी खेळण्याआधी मॉडेमला मोबाइलच्या चार्जरवरून वेगळी वीज द्या.

इशारा: वेगळी वीज देताना ग्राउंड सामाईक हवं, ५ व्होल्ट सामाईक नको. बोर्डावर पोर्टची वीज तोडायचा जंपर असेल तर तो काढा. नाहीतर कमोडोर बंद असताना चार्जरची वीज मागच्या दाराने मशीनमध्ये शिरते.

टप्पा २: पोर्ट साफ करा आणि सरळ लावा

युजर पोर्ट म्हणजे बोर्डाचीच कडा. त्यावर चाळीस वर्षांचा मळ असतो. कोकणात किंवा मुंबईत मशीन असेल तर एका पावसाळ्यात तांब्यावर काळपट थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड घ्या, दोन्ही बाजू पुसा, वाळू द्या. खोडरबर शेवटचा उपाय म्हणून, तोही हलक्या हाताने, कारण वरचा मुलामा पातळ असतो.

मशीनच्या मागून बघितलं की वरच्या ओळीत आकडे, डावीकडून १ ते १२. खालच्या ओळीत अक्षरं, ए पासून एन पर्यंत. (जी आणि आय ही अक्षरं वगळलेली आहेत. मोजताना इथेच गल्लत होते.) वरच्या १० आणि ११ या पिनांवर ९ व्होल्ट एसी आहे. मॉडेम उलटं बसलं तर ही एसी नको तिथे जाते.

मी एकदा घाईत, पाठीमागे हात घालून, न बघता उलटं लावलं होतं. धूर वगैरे काही नाही, फक्त "टिक" असा बारीक आवाज. मॉडेम गेलं. मशीन वाचलं ते नशिबाने, कारण या पोर्टच्या पिना थेट सीआयए चिपला जातात, मध्ये संरक्षण म्हणून काही नाही. तेव्हापासून मॉडेमच्या वरच्या बाजूला पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका आहे.

इशारा: मॉडेम लावणं-काढणं फक्त मशीन बंद असताना. अपवाद नाही.

इशारा, टेलिफोन मॉडेमवाल्यांसाठी: खऱ्या आरएस-२३२ मॉडेमचे सिग्नल उणे-अधिक १२ व्होल्टच्या घरात असतात, युजर पोर्टचे ० ते ५. दोघांना सरळ तारेने जोडू नका. मध्ये मॅक्स२३२ चिपचा कन्व्हर्टर हवा. ती ५ व्होल्टवर चालते, तिच्यात दोन जाणाऱ्या आणि दोन येणाऱ्या वाटा असतात, आणि आपल्याला नेमक्या तेवढ्याच लागतात.

टप्पा ३: १२०० वर पाया घाला

हा टप्पा सगळे टाळतात. टाळू नका. इथे जे चाललं नाही ते ९६०० वर चालणारच नाही, आणि तिथे चूक शोधणं दहापट अवघड जातं.

आधी मॉडेम न लावता लूप-चाचणी. मशीन बंद करा. पोर्टच्या एम पिनेला (जाणारा डेटा) बी आणि सी या दोन्ही पिना (येणारा डेटा) जोडा. सुटा एज-कनेक्टर आणि दोन वायरचे तुकडे पुरतात. मशीन चालू करा, सीसीजीएमएस टर्मिनल लोड करा, एफ७ ने मेनूत जाऊन साधं युजर पोर्ट आणि १२०० निवडा. आता जे टाइप कराल ते पडद्यावर उमटलं पाहिजे. मग मशीन बंद करून कनेक्टर काढा आणि परत चालू करून बघा, आता उमटता कामा नये. दोन्ही झालं तर तुमचा पोर्ट आणि सीआयए चिप ठीक आहेत. निम्म्या शंका इथेच संपतात.

बी आणि सी दोन्ही का? स्टार्ट बिट आला ही वर्दी बी देते, प्रत्यक्ष बिट वाचला जातो सी वरून. नुसतं सी जोडलं की मशीनला अक्षर आल्याचा पत्ताच लागत नाही. घरी बनवलेल्या केबलींमधली ही पहिल्या क्रमांकाची चूक.

ज्यांना बेसिकमधून स्वतःचा प्रोग्रॅम लिहायचा आहे त्यांच्यासाठी: ओपन आज्ञेत डिव्हाइस क्रमांक २, आणि फाइलच्या नावाच्या जागी दोन बाइट. पहिला बाइट वेगाचा, ६ म्हणजे ३००, ८ म्हणजे १२००, १० म्हणजे २४००. दुसरा ० ठेवा. ही ओपन प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीतच हवी. ती बेसिकच्या मेमरीच्या टोकाला २५६ बाइटचे दोन बफर कापून घेते आणि तसं करताना सगळी व्हेरिएबल पुसून टाकते. वीस ओळी लिहून झाल्यावर ओपन करणाऱ्याला आपले आकडे कुठे गेले ते कळत नाही.

आता मॉडेम लावा. झायमोडेम कोरं असताना १२०० वरच बोलतं. "एटी" टाइप करून रिटर्न मारा. "ओके" आलं पाहिजे. मग "एटीडब्ल्यू" ने आसपासची वायफाय नावं दिसतात. नाव आणि पासवर्ड द्यायचा तो एटीडब्ल्यू नंतर दुहेरी अवतरणात, मध्ये स्वल्पविराम देऊन. तुमच्या घरचं नाव यादीत नसेल तर राउटर बहुधा फक्त ५ गिगाहर्ट्झवर आहे. ही चिप २.४ शिवाय दुसरं काही ऐकत नाही.

तपासा: १२०० वर एखाद्या बीबीएसला (मॉडेमवरून जोडायच्या जुन्या धर्तीच्या मजकूर-फलकाला) जोडा आणि दहा मिनिटं नुसते मेनू फिरा. एकही अक्षर चुकता कामा नये. "एखाद-दुसरं चुकतं, चालायचंच" असं म्हणून पुढे गेलात तर परत इथेच यावं लागेल.

टप्पा ४: २४००, आणि कर्नलला रामराम

कर्नलच्या तक्त्यात २४०० हा आकडा आहे म्हणून तो चालतो असं नाही. त्याची पाठवायची-घ्यायची रूटीन इतकी रेंगाळतात की २४०० ला एका बिटाचं काम उरकेपर्यंत पुढचा बिट दारात उभा असतो. पाठवताना निभावतं, एकाच वेळी घेताना आणि पाठवताना अक्षरं फुटतात. जॉर्ज हग यांनी १९८९ मध्ये 'ट्रान्झॅक्टर' मासिकात कर्नलच्या जागी वापरायची रूटीन दिली, ती याच दुखण्यावर होती.

तुम्हाला ती टाइप करत बसायची गरज नाही. स्वतःची रूटीन आणणारा टर्मिनल प्रोग्रॅम घ्या: सीसीजीएमएसची अलीकडची आवृत्ती किंवा नोव्हाटर्म ९.६. बेसिकमध्ये लिहिलेला छोटा टर्मिनल असेल तर तो १२०० वरच ठेवा आणि सुखी राहा.

पडदा बंद केला तर व्हिक चिपची ठोके-चोरी थांबते: "पोक ५३२६५, पीक(५३२६५) अँड २३९". परत चालू करायला तीच आज्ञा, शेवटी "ऑर १६". गप्पा मारताना पडदा बंद ठेवून काय बघणार, हे खरं. पण तपासणीसाठी ही युक्ती नामी आहे. स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये पडदा बंद असताना डेटा नीट येतो आणि चालू असताना फुटतो, तर तुमची वायरिंग निर्दोष आहे, कमी पडतेय ती प्रोसेसरची सवड.

टप्पा ५: यूपी९६०० च्या दोन जोडण्या

ही डॅनियल डालमन यांची युक्ती. बिटामागून बिट मोजायचं काम प्रोसेसरकडून काढून सीआयए चिपमधल्या शिफ्ट रजिस्टरला द्यायचं. आठ बिट जमले की चिप एकदाच हाक मारते, म्हणून १०२ ठोक्यांची ती कटकट उरत नाही. शिफ्ट रजिस्टरच्या वाटा युजर पोर्टवर आहेतच, फक्त साध्या केबलीत त्या जोडलेल्या नसतात.

जोडण्या अशा:

१. एम आणि ५ एकत्र (जाणारा डेटा).
२. बी, सी आणि ७ एकत्र (येणारा डेटा).

बस. जुन्या जोडण्या तशाच राहतात, म्हणून या केबलीवर १२०० आणि २४०० सुद्धा चालतं.

विकत घेतलेल्या मॉडेममध्ये या जोडण्या बहुधा आधीच असतात, पण "बहुधा" वर विसंबू नका. मॉडेम हातात घेऊन, मशीनपासून लांब, मल्टिमीटर बीपवर लावा. एम-५ वर बीप. बी-सी वर बीप. बी-७ वर बीप. मग उलट तपासणी: एम-बी वर बीप नको. १० आणि ११ यांचा वरच्या किंवा खालच्या कुठल्याही डेटा-पिनेशी बीप नको. मी डाग देताना नेहमी ५ आणि ७ च्या मधल्या ६ वर कथील सांडतं का ते भिंगाखाली बघतो. पिना इतक्या जवळ आहेत की चांगल्या प्रकाशातही डोळा फसतो.

इशारा: ईएसपी चिप ३.३ व्होल्टची, कमोडोर ५ चा. तयार मॉडेमच्या बोर्डावर याची सोय बघितलेली असते. सुटा ईएसपी बोर्ड घेऊन स्वतः बनवत असाल तर एम कडून येणाऱ्या तारेवर लेव्हल-शिफ्टर घाला.

टप्पा ६: दोन्हीकडचा वेग बदला, पण जतन करू नका

आता कुठे आकडा बदलायची वेळ आली. क्रम असा, आणि असाच:

१. मशीन आणि मॉडेम १२०० वर बोलत आहेत याची खात्री. "एटी" म्हणा, "ओके" घ्या.
२. मॉडेमला "एटीबी९६००" द्या. यानंतर पडद्यावर कचरा येईल किंवा काहीच येणार नाही. ठीक आहे. मॉडेम नव्या वेगावर गेलंय, तुम्ही अजून जुन्यावर आहात.
३. टर्मिनलमध्ये एफ७, मॉडेमचा प्रकार बदलून यूपी९६००, वेग ९६००. फक्त वेग बदलून प्रकार साधा युजर पोर्टच ठेवणं ही इथली सगळ्यात मोठी चूक.
४. रिटर्न दोनदा मारा, मग "एटी". "ओके" आलं?
५. आलं तर "एटीआय" देऊन लांबलचक उत्तर मागवा आणि अक्षर न् अक्षर वाचा.

"एटी-अँड-डब्ल्यू" (जतन करा) ही आज्ञा अजून द्यायची नाही. कारण साधं आहे. जतन न करता काही बिघडलं तर मॉडेमची वीज काढून परत दिली की ते जुन्या १२०० वर येतं. जतन करून बसलात आणि मशीनला तो वेग झेपला नाही, तर मॉडेम तुमचं ऐकत नाही आणि तुम्हाला ते सांगताही येत नाही. मग यूएसबीने लॅपटॉपला जोडून दुरुस्त करत बसा. नागपूरच्या एका मित्राने थेट ११५२०० जतन केलं होतं, "जितकं जास्त तितकं बरं" म्हणून. त्याचा आख्खा रविवार गेला.

तपासा: पडद्यावर काय चुकतंय त्याकडे नीट बघा. कचऱ्याचेही प्रकार असतात, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं.

पहिल्या अक्षरापासून सगळंच अगम्य असेल तर दोन्हीकडचे वेग जुळत नाहीत. शब्द बरोबर पण मोठी अक्षरं छोटी आणि छोटी मोठी झाली असतील तर वेगाचा काही संबंध नाही, टर्मिनल पेटस्कीत (कमोडोरच्या स्वतःच्या अक्षर-संकेतात) आहे आणि समोरचा आस्कीत (इतर संगणकांच्या संकेतात), किंवा उलट. प्रत्येक अक्षर दोनदा उमटत असेल तर दोन्हीकडून एको चालू आहे. येतंय नीट पण तुम्ही टाइप केलेलं जात नाही, तर एम-५ ची जोडणी बघा. जातंय पण येत नाही, तर ७ ची. आणि सुरुवात स्वच्छ, मग दहा-बारा ओळींनंतर मधलीच अक्षरं गायब, असं होत असेल तर पुढच्या टप्प्यावर या. या शेवटच्या प्रकाराला लोक वेगाचा दोष समजतात आणि ९६०० सोडून परत २४०० वर जातात. नाहक.

टप्पा ७: फ्लो कंट्रोल

पडद्याची खालची ओळ भरली की मशीनला वरच्या सगळ्या ओळी एक-एक घर वर सरकवाव्या लागतात, हजारभर अक्षरं आणि तितकेच रंगांचे बाइट. ९६०० ला दर मिलिसेकंदाला एक नवं अक्षर येतंय. सरकवासरकव चालू असताना ती अक्षरं बफरमध्ये रांग लावतात. ओळी भराभर आल्या की बफर भरतो, आणि भरल्यावर येणारं अक्षर हवेत जातं.

उपाय म्हणजे मशीनने मॉडेमला "थांब" म्हणायचं. त्यासाठी दोन तारा: डी पिन (आरटीएस, मशीनकडून मॉडेमला) आणि के पिन (सीटीएस, मॉडेमकडून मशीनला). स्वस्तातल्या काही बोर्डांवर या तारा जोडलेल्याच नसतात. विकणाऱ्याला घेण्याआधी हा एकच प्रश्न विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे बघा.

तारा असतील तर मॉडेममध्ये "एटी-अँड-के३" ने हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू करा. तारा नसताना ही आज्ञा दिलीत तर मॉडेम कधीच न येणाऱ्या परवानगीची वाट बघत बसतं आणि तुम्हाला वाटतं ते मेलं. वीज काढून परत द्या.

याची चाचणी बीबीएसवर करू नका. तिथे काय यायला हवं होतं तेच आपल्याला माहीत नसतं. घरच्या लॅपटॉपवर एक साधी मजकूर-फाइल बनवा, १ ते ५०० क्रमांक घातलेल्या ओळींची. नेटकॅट प्रोग्रॅमने ती लॅपटॉपच्या एखाद्या नेटवर्क-पोर्टवर मांडून ठेवा, आणि कमोडोरवरून "एटीडीटी" नंतर अवतरणात लॅपटॉपचा घरातला पत्ता, अपूर्णविराम (:) आणि त्या पोर्टचा आकडा देऊन डायल करा. क्रमांक झरझर वर जायला लागतील. एखादा आकडा गळला की डोळ्याला लगेच टोचतो: २३१, २३२, २३५. तिथे गळती आहे. पाचशेच्या पाचशे सलग आले, तेही तीनदा, की मग "एटी-अँड-डब्ल्यू".

टप्पा ८: स्विफ्टलिंक, ज्यांना ९६०० पुरत नाही त्यांच्यासाठी

हे कार्ट्रिज म्हणजे कमोडोरला मुळात जी चिप द्यायला हवी होती ती: ६५५१. हिला नेहमीपेक्षा दुप्पट वेगाचा क्रिस्टल लावलाय, म्हणून चिपच्या तक्त्यात जिथे १९२०० लिहिलंय तिथे प्रत्यक्षात ३८४०० निघतात. स्वतःचा प्रोग्रॅम लिहिताना हे विसरलात तर सगळे वेग दुप्पट होतात.

कार्ट्रिजच्या बोर्डावर निवडलेला मेमरीतला पत्ता (डीई किंवा डीएफ) आणि टर्मिनलच्या मेनूतला पत्ता एकच हवा. मेमरी-विस्ताराचं आरईयू कार्ट्रिजही लावलं असेल तर त्याची जागा डीएफ आहे, म्हणून स्विफ्टलिंक डीई वर ठेवा. मॉडेम जोडायचं ते आता कार्ट्रिजला. युजर पोर्ट रिकामा राहील. बाकी टप्पे ६ आणि ७ तसेच, फक्त मेनूत मॉडेमचा प्रकार स्विफ्टलिंक आणि दोन्हीकडचा वेग ३८४००.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. ६५५१ मध्ये एकाच अक्षराची जागा आहे, रांग नाही. ३८४०० ला दर २६० ठोक्यांमागे एक अक्षर उचलावंच लागतं, त्यामुळे इथे फ्लो कंट्रोलशिवाय उभंही राहता येत नाही. दुसरं, स्वतः कार्ट्रिज जुळवत असाल आणि नव्या उत्पादनातली डब्ल्यू६५सी५१एन चिप मिळाली असेल, तर तिच्यात एक जाहीर दोष आहे. "पाठवून झालं" हे सांगणारा बिट कायम "झालं"च म्हणतो. जुने प्रोग्रॅम त्यावर विश्वास ठेवून अक्षरावर अक्षर टाकतात. जुनी ६५५१ शोधा.

टप्पा ९: फाइल उतरवताना वेग कुठे जातो

इथे बहुतेकांचा हिरमोड होतो. ३८४०० लावलं आणि फाइल काही चौपट वेगाने येत नाही. येणार नाहीच, बघा कसं.

एक्समोडेम (फाइल पाठवायची एक ठरलेली पद्धत) १२८ बाइटचा ब्लॉक पाठवतो आणि "मिळाला" असं उत्तर येईपर्यंत गप्प बसतो. पुण्यात बसून अमेरिकेतल्या बीबीएसवरून फाइल घेत असाल तर जाऊन-येऊन पाव सेकंद धरा. ९६०० ला ब्लॉक पोचायला ०.१४ सेकंद, वाट बघायला ०.२५. म्हणजे सेकंदाला साधारण ३३० बाइट. ३८४०० ला ब्लॉक ०.०३ सेकंदात येतो, पण वाट बघणं तेवढंच राहतं: ४५० बाइट. १,७४,८४८ बाइटची एक डिस्क-इमेज म्हणजे १,३६६ ब्लॉक. नुसती वाट बघण्यातच पाच मिनिटं चाळीस सेकंद जातात, वेग कितीही लावा.

त्याऐवजी ९६०० वरच राहून एक्समोडेम-१के निवडलात तर ब्लॉक १,०२४ बाइटचा होतो आणि त्याच तारेवर सेकंदाला पावणेआठशे बाइटांपर्यंत जाता येतं. नोव्हाटर्ममध्ये हा पर्याय आहे. पंटर हा कमोडोरवाल्यांचा लाडका प्रोटोकॉल, पण त्यात प्रत्येक ब्लॉकमागे "आला, बरं, पाठव पुढचा" अशी देवाणघेवाण जास्त. शेजारच्या गावाला ठीक, सातासमुद्रापार नको.

दुसरी गळती ड्राइव्हची. १५४१ (कमोडोरचा फ्लॉपी ड्राइव्ह) कर्नलच्या साध्या पद्धतीने सेकंदाला जेमतेम ४०० बाइटच्या आसपास चालतो. वर पावणेआठशे येत असतील तरी तो खाली बसून चारशेच लिहिणार. जिफीडॉस (मशीन आणि ड्राइव्हमधली देवाणघेवाण वेगवान करणारं बदली रॉम) लावा, किंवा फाइल आधी आरईयूमध्ये घेऊन मग डिस्कवर उतरवणारा प्रोग्रॅम वापरा. नुसतं एसडी२आयईसी (एसडी कार्डवर चालणारा बदली ड्राइव्ह) घेऊन फरक पडत नाही. कार्ड वेगवान असलं तरी मधली सिरीयल बस तीच रखडणारी आहे, जिफीडॉसशिवाय ती सुधारत नाही.

इशारा: डिस्कवर लिहिणं आणि युजर पोर्टवरून घेणं एकाच वेळी होत नाही, दोघांना वेळेची सूक्ष्म मोजणी लागते. चांगला टर्मिनल प्रोग्रॅम लिहिताना मॉडेमला थांबवतो. फाइल उतरत असताना तुम्ही मधेच ड्राइव्हला दुसरी आज्ञा देऊ नका.

तपासा: फाइल दर वेळी त्याच ब्लॉकला अडकत असेल तर वेग कमी करून उपयोग नाही. त्या ब्लॉकमध्ये बहुधा २५५ हा बाइट आहे, आणि टेलनेटमध्ये (बीबीएसशी नेटवरून बोलायच्या पद्धतीत) त्याला खास अर्थ आहे. मॉडेमकडून टेलनेटचं भाषांतर चालू असेल तर बंद करून, बंद असेल तर चालू करून परत डायल करा. अडकण्याची जागा दर वेळी वेगळी असेल तर मात्र टप्पा ७ मधली पाचशे ओळींची चाचणी पुन्हा लावा.

सगळं जुळलं की कागदी टेपच्या तुकड्यावर तीन गोष्टी लिहा आणि मॉडेमच्या पाठीवर चिकटवा: जतन केलेला वेग, फ्लो कंट्रोल चालू की बंद, आणि टर्मिनलमध्ये निवडलेला मॉडेमचा प्रकार. सहा महिन्यांनी मशीन परत बाहेर काढाल तेव्हा यातलं एकही आठवणार नाही.